वर दाबा, खाली येईल

१२ मार्च, दवाखाना, जेवणाची सुट्टी

वन्सं,

ताई सोडून मी तुम्हाला वन्सं कधी म्हणते हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा पत्राचा रंग पहिल्याच शब्दात कळला असेल. नमस्कार करते, कारण तुम्ही मोठ्या आहात. त्यापलीकडे त्या नमस्कारात काही शोधू नका.

फोनच करणार होते. पण तुम्ही खोदता आहात त्या बोगद्यात रेंज नसते, आणि असली तरी तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही. पत्रात कोणाला मध्येच बोलता येत नाही. आता निमूट वाचा.

तुम्ही भिंगरीला वाढदिवसाला स्क्रू-ड्रायव्हरांचा डबा पाठवलात. आपण दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नाही, तरी तुमची भेट दर वर्षी येते आणि मी ती न कुरकुरता तुमच्या भाचीच्या हातात देते. मागच्या वर्षीच्या भिंगाने तिने पडद्याला भोक पाडलं, तेही मी गिळलं. पण या डब्यावर तुम्ही चिठ्ठी चिकटवलीत, ‘उघडून बघ’. तुम्हाला डबा उघडून बघ असं म्हणायचं असेल. नऊ वर्षांच्या पोरीने तो आयुष्यभराचा उपदेश समजला.

दाराची बेल आता सारखी वाजते आणि बटण दाबलं की थांबते. मी मेन स्विच बंद करेपर्यंत तुमचे बंधुराज दारात बटणावर बोट ठेवून उभे होते. शेजारचे लोक त्यांना विचारत होते, घरात घेत नाहीत का? भिंतीवरचं घड्याळ उलटं चालतंय. बंद पडलं असतं तर मी समजू शकले असते. बंद घड्याळं सगळ्यांकडे असतात. हे चालतंय, अगदी झोकात चालतंय, पण मागे. तुमच्या बाबांना त्याचं भारी कौतुक. म्हणाले, “राहू दे गं सूनबाई, असंच चालू राहिलं तर पुढच्या वर्षी मी कामावर रुजू होतो.”

तुमच्या बंधुराजांचं काय सांगू! शाळेत इतिहास शिकवणारा माणूस, घरातही इतिहास झाल्याशिवाय हलत नाही. बिघडलेल्या वस्तूसमोर हात पाठीमागे बांधून उभे राहतात, संग्रहालयात आल्यासारखे.

आपलं भांडण कशावरून झालं ते मी विसरलेले नाही. माझं नवंकोरं वॉशिंग मशीन तुम्ही ‘जरा आवाज करतंय’ म्हणून उघडलंत, बंद केलंत, आणि चार स्क्रू उरले. ते मशीन न्हाणीघरातून चालत स्वयंपाकघरात आलं. मी बोलले. तुम्ही म्हणालात, या घरातली माणसं लाल दिवा लागला की हात जोडून बसतात. त्यावर मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. दोघींनाही पाठ आहे.

तेव्हा एवढंच करा. तिला लिहा की आता पुरे. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते. का ऐकते ते देव जाणे.

तुमची भावजय


२९ मार्च

वन्सं,

मी आग विझवायला पाणी मागितलं, तुम्ही नियमावली पाठवलीत.

‘आधी प्लग काढ. मग चित्र काढ. बंद करता येईल तेच उघड.’ हे तुमचं तिला आलेलं पत्र. तिने ते पलंगाच्या वर चिकटवलंय. ‘पुरे कर’ हे दोन शब्द त्यात कुठे आहेत ते मी उजेडात धरून पाहिलं.

आता ती कुठलीही वस्तू उघडण्याआधी तिचं चित्र काढते. इस्त्रीचं चित्र, मिक्सरचं चित्र, आजोबांच्या रेडिओचं चित्र. त्यामुळे चोरी करण्याआधी नकाशा काढणाऱ्या माणसाबरोबर राहिल्यासारखं वाटतं. कुठला स्क्रू कुठला ते कळावं म्हणून ती ते बर्फाच्या ट्रेमधल्या खळग्यांत ठेवते. परवा पाहुणे आले होते. बाबांनी मोठ्या मानाने स्वतःच्या हाताने लिंबूपाणी केलं. पाहुण्यांच्या ग्लासात बर्फ वितळला आणि तळाशी टण्‌ असा आवाज झाला. बाबा म्हणाले, “लोह असतं त्यात. या वयात लागतं.”

खरं म्हणजे रेडिओ पूर्वीपेक्षा बरा वाजतो. हे मी फक्त खरं बोलायचं म्हणून लिहितेय.

शाळा सुटली की ती माझ्याकडे दवाखान्यात येते, हे तुम्हाला माहीत आहेच. मी पुढच्या टेबलावर बसते, लोकांचे नंबर लावते, दाढ दुखणाऱ्यांना ‘पाच मिनिटं हं’ म्हणते, आणि लागलं तर आत डॉक्टरांच्या हाताखाली लगदा कालवून देते. भिंगरी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अभ्यास करते. डॉक्टरांनी नवी खुर्ची घेतली आहे. तिला खाली पायाजवळ पेडल आहे, पायाने दाबलं की खुर्ची वरखाली होते, आडवी होते. डॉक्टर येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी रिकामी फिरवून दाखवतात. स्वतःच्या मुलाच्या लग्नातही त्यांना इतका आनंद झाला नव्हता.

दवाखान्यात काहीही झालेलं नाही. तुम्ही विचारलेलं नाहीत, तरी सांगून ठेवते.

तुमची भावजय


३१ मार्च

वन्सं,

मागचं पत्र पोस्टात पडलं, नाहीतर फाडलं असतं. दवाखान्यात झालं. सगळं सांगते, कारण घरात कोणाला सांगायची सोय नाही. बंधुराजांनी ऐकलं तर हात पाठीमागे बांधतील, आणि बाबा हसतील.

भिंगरीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या होत्या. वरच्या जबड्याचा ठसा घ्यायचा होता, आणि बाई घाईत, म्हणून डॉक्टरांनी या वेळी खुर्ची आधी रिकामी फिरवून दाखवली नाही. मी गुलाबी लगदा कालवला, डॉक्टरांनी तो साच्यात भरून बाईंच्या तोंडात दाबला आणि सांगितलं, घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. ज्या बाईंना शाळेत कोणी कधी गप्प बसलेलं पाहिलं नाही, त्या गप्प बसल्या. आमचे डॉक्टर उंचीने बेताचे. हात नीट पोचावा म्हणून त्यांनी खुर्ची जरा खाली घ्यायला पेडलवरचं ‘खाली’ दाबलं.

खुर्ची वर गेली.

डॉक्टरांनी अजून जोरात दाबलं. खुर्ची अजून वर गेली. डॉक्टर चवड्यांवर उभे राहिले. मग चवडेही पुरेनात. बाईंचे बूट त्यांच्या छातीशी आले आणि बाईंचं डोकं वरच्या दिव्याला टेकलं.

“खाली! खाली म्हणतो ना!” डॉक्टर खुर्चीला म्हणाले.

मी म्हटलं, “डॉक्टर, दुसरं बटण दाबून बघा.”

“ते वर जायचं आहे!”

“पण खालचं दाबलं की वर जातंय ना?”

“म्हणून वरचं दाबू? छत फोडून जातील त्या!”

बाई वरून काहीतरी बोलत होत्या. “ऊं ऊंऽ ऊं” एवढंच ऐकू येत होतं. साचा स्वतःच ओढून काढायला गेल्या, तर तो टाळूला घट्ट बसलेला. तो सोडवायला डॉक्टरांचीच बोटं लागतात, आणि डॉक्टर खाली. बाईंच्या गुडघ्याचं दुखणं जुनं, तेव्हा उडी मारायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांनी कंपनीला फोन लावला. तिकडून कोणीतरी गोड आवाजात म्हणालं, गुरुवारी माणूस पाठवतो.

“गुरुवारपर्यंत पेशंट वर ठेवू?” डॉक्टर ओरडले.

तेवढ्यात मला दारात भिंगरी दिसली. चेहरा पांढराफटक, हात पाठीमागे. “आई,” ती म्हणाली, “पेडलमध्ये पेन्सिलचा तुकडा खुळखुळत होता म्हणून मी काढला. प्लग काढला होता. चित्रही काढलं होतं. पण बंद करताना चित्र उलटं धरलं वाटतं.”

वन्सं, तुमच्या नियमावलीत चित्र सुलटं धरावं असं कुठेच लिहिलेलं नाही!

मी पुढे झाले, डॉक्टरांना बाजूला केलं आणि ‘वर’ दाबलं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. खुर्ची घूंऽऽ करत खाली आली. इतक्या सावकाश, इतक्या मानाने की आम्ही सगळे नकळत ताठ उभे राहिलो. डॉक्टरांनी साचा काढला. बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज झाला. बाईंनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भिंगरीकडे. “सोमवारी शाळेत भेटा,” त्या म्हणाल्या. “दोघी.” आणि ओठाच्या कोपऱ्यात गुलाबी लगदा तसाच घेऊन निघून गेल्या. सांगायची कोणाची छाती झाली नाही.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. ही मुलगी पुन्हा दवाखान्यात दिसली तर उद्यापासून तुम्हीही दिसायची गरज नाही, एवढंच म्हणाले. वर्षानुवर्षं त्यांच्या चहात साखर किती घालायची ते मला विचारावं लागत नाही, आणि माझ्याशी असं बोलले. मी बाहेर येऊन रडले नाही. रुमाल नव्हता म्हणून.

ते जेवायला गेल्यावर प्लग काढला, भिंगरीला चित्र सुलटं धरायला लावलं आणि पेडल उघडलं. आत एक लाल वायर आणि एक पिवळी, एकमेकींच्या जागी बसलेल्या. बदलल्या. बंद केलं. स्क्रू एकही उरला नाही, हे मुद्दाम लिहिते. प्लग लावून ‘खाली’ दाबलं, खुर्ची खाली गेली.

आणि आता जे लिहिते ते बंधुराजांना कळता कामा नये. मी ती त्यानंतर बऱ्याच वेळा वरखाली केली. काही गरज नव्हती.

सोमवारी काय होणार, देव जाणे. भिंगरीला शाळेतून काढलं तर मी तिला तुमच्या बोगद्यात पाठवणार आहे.

तुमची भावजय


३ एप्रिल

प्रिय ताई,

पाहिलंत, प्रिय लिहिलं. तुमची तब्येत कशी आहे? डोंगर कसा आहे? तुमच्यासारखी कर्तबगार नणंद फार कमी जणींना मिळते, असं मी नेहमीच मनात म्हणत आले आहे.

सोमवारी गेलो. भिंगरीने वाटेत मला विचारलं, दुसऱ्या शाळेचा गणवेश कुठल्या रंगाचा असतो? बाईंच्या खोलीत भिंतीभर ढाली, टेबलावर कुंडी, आणि आमच्यासाठी दोन खुर्च्या. मी बसण्याआधी माझी खुर्ची हलवून पाहिली. बाईंनीही स्वतःची पाहिली.

मग त्यांनी एक परिपत्रक काढलं. वरून आलं आहे, ‘मुलांमध्ये अभियांत्रिकीची आवड निर्माण करणे’. बाईंनी ‘निर्माण करणे’ एवढं दोनदा वाचलं. मागच्या वर्षीही हेच आलं होतं म्हणे. तेव्हा एक मोठे इंजिनिअर येऊन सिमेंटचे प्रकार सांगून गेले. चौथीतला एक मुलगा झोपेत बाकावरून पडला. त्याचे पुढचे दोन दात तेव्हाच गेले. आता त्याला सगळे अर्धदंत म्हणतात, आणि अभियांत्रिकी म्हटलं की तो तोंडावर हात धरतो.

“या वर्षी मला खरा माणूस हवा,” बाई म्हणाल्या. “तुमच्या मुलीने निबंधात लिहिलंय, माझी आत्या डोंगराच्या एका बाजूने आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने डोकं बाहेर काढते. त्या आत्याला आणा.”

मी म्हटलं, त्या फार कामात असतात.

“त्या आल्या तर खुर्चीचा विषय माझ्यापुरता संपला. नाही आल्या, तर मला डॉक्टरांशी आणि तुमच्याशी सविस्तर बोलावं लागेल. आता माझं तोंड मोकळं आहे.”

ताई, या. तुम्ही आलात तर डॉक्टरही विरघळतील, भिंगरी हवेत उडेल, आणि मी तुमच्या खोलीतली शिवणाची पोती उचलून ठेवीन. दोन वर्षांत जे झालं ते झालं. मी तुमची वाट पाहते असं लिहिताना माझ्या हाताला कसंतरी होतंय, पण लिहिते.

तुमचीच


१५ एप्रिल

ताई,

पोस्टकार्ड मिळालं. ‘येणार नाही. दीडशे माणसं हाताखाली आहेत, त्यांच्यावर ओरडता येतं. लहान मुलं समोर आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. तूच बोल.’

आधी रागाने ते ओट्यावर आपटलं. मग उचलून पुन्हा वाचलं, अक्षर तुमचंच आहे ना म्हणून. तुम्हाला कशाची भीती वाटते हे या घरात कोणालाच माहीत नव्हतं. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, “लहानपणी पाहुणे आले की कपाटात जाऊन बसायची. मला वाटायचं, कपाट आवडतं.”

पण ताई, मी? मी नंबर लावते. फ्यूज उडाला की ओरडायचं, इथे माझं तांत्रिक शिक्षण संपलं. मी जाऊन काय सांगू?

बाईंना तुमचं कार्ड दाखवलं. त्या म्हणाल्या, “मग तुम्ही या. खुर्ची खाली तुम्हीच आणलीत.” हे त्यांनी वरून नीट पाहिलेलं दिसतं.

भावजय


२३ एप्रिल

ताई,

झालं एकदाचं. पाय अजून दुखताहेत, कारण माइक उंच होता आणि भाषणभर मी चवड्यांवर उभी होते.

तुमच्या बंधुराजांनी मला भाषण लिहून दिलं होतं. पिरॅमिडपासून सुरुवात. मी दोन पानं वाचेपर्यंत दगड अजून चढावरच होते. पहिल्या रांगेत अर्धदंत दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसला होता. मागे एका मुलीने जांभई दिली, ती रांगेरांगेने पुढे आली आणि माझ्यापर्यंत पोचली. मलाही आली. मध्येच एका पोराने हात वर केला.

“तुम्ही इंजिनिअर आहात?”

“नाही,” मी म्हटलं. “मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावते.”

“मग तुम्ही का आलात?”

ताई, प्रश्न बरोबर होता. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. तुमचे बंधुराज भिंतीला टेकून उभे होते, त्यांचा चेहरा पाहवेना. आणि मी मुलांना खुर्चीची गोष्ट सांगायला लागले. पेशंट कोण ते सांगणार नव्हते, खरंच नव्हते. पण ‘एक बाई होत्या’ म्हटल्यावर माझी नजर आपोआप मंचावर गेली, आणि सगळ्या शाळेची नजर माझ्या नजरेमागे गेली. बाई ताठ बसल्या होत्या. मुलांनी हसू दाबलं. दाबलेलं हसू किती मोठं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

“खाली दाबलं तर वर जातंय,” मी म्हटलं. “बाई वर अडकल्यात. आता तुम्ही काय दाबाल?”

झालं! अर्धे ओरडले ‘वर’, अर्धे ओरडले ‘काहीच नको, प्लग काढा’. प्लग काढला तर बाई वरच राहतील, असं तिसरे ओरडले. राहू देत, असं कोणीतरी मागून म्हणालं. एकाने बाकावर चढून प्रात्यक्षिक दाखवलं. अर्धदंताने बाक सोडला आणि म्हणाला, “दोनच वायरी असतील तर त्या बदलल्या असतील. दुसरं काय होणार?” त्याला कोणीही काही सांगितलं नव्हतं, ताई. मी भिंगरीकडे पाहिलं, तर तीच त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती.

तेवढ्यात बाई उठल्या. सभागृह एकदम चिडीचूप.

“मला उत्तर वर असतानाच माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “मी ते तीनदा सांगितलं. तोंडात लगदा असल्यामुळे कोणाला कळलं नाही.”

आणि त्या स्वतःच हसल्या. मग जो गोंधळ झाला तो थांबवायला शाळेची घंटा वाजवावी लागली.

डॉक्टर मागे बसले होते, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं पेडल घेऊन. पोराला न्हाऊ घालून आणल्यासारखं. बाईंनी त्यांना ते आणायला सांगितलं होतं, आणि बाईंना नाही म्हणायची कोणाचीच टाप नाही. मुलांनी गटागटाने ते उघडलं, चित्र काढलं, बंद केलं. दर वेळी स्क्रू फिरला की डॉक्टर कळवळत. एका चिमुरडीने विचारलं, “चित्रावर वरच्या बाजूला बाण का नाही काढला?” डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि तिथेच पेडलच्या पोटावर बाण काढला. निघताना मला म्हणाले, “मुलीला उद्यापासून येऊ द्या. तिला मी ड्रिलला हवा देणारा कॉम्प्रेसर दाखवतो.” मग जरा थांबून, “नुसता दाखवतो.”

बंधुराजांची समजूत काढली. उरलेले पिरॅमिड त्यांनी रात्री मला जेवताना सांगितले.

तुमची भावजय

ता. क. मुलांनी विचारलंय की खरा इंजिनिअर कुठे बघायला मिळतो?


७ मे, बसमध्ये

ताई,

अक्षर हलतंय, बस हलतेय म्हणून. मागे चाळीस पोरं एकाच वेळी गाताहेत, चाल प्रत्येकाची वेगळी. तुम्हाला सोडून तासही झाला नसेल, पण तुम्ही समोर होतात तेव्हा पोरांच्या गलक्यात बोलणं राहिलं, आता लिहिते.

‘मुलांना घेऊन ये, पण बोलायचं तू’ असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मला वाटलं, विनय आहे. तुम्ही बोगद्याच्या तोंडाशी पिवळं हेल्मेट घालून आलात, पोरं अर्धगोल करून उभी राहिली, आणि तुम्ही म्हणालात, “हा बोगदा आहे.” मग खूप वेळाने, “हा दगड आहे.” पोरांनी मान वळवून दगडाकडे पाहिलं. खरं सांगते, पहिला मिनिटभर मला फार बरं वाटलं. दोन वर्षांचं सगळं वसूल झाल्यासारखं. मग तुमचे कान लाल झालेले दिसले आणि मला बरं वाटेनासं झालं. मी पुढे होणार, तोच अर्धदंताने विचारलं, “तुम्हाला अंधाराची भीती वाटते?”

“वाटते,” तुम्ही म्हणालात.

तुमचा मुकादम गर्रकन वळला. भिंगरीने माझा हात पकडला.

“रोज वाटते. म्हणून आम्ही आधी दिवे लावतो, मग हवा सोडतो, आणि मग खोदतो.”

“आणि दिवे गेले तर?”

“मग मी ओरडते.”

“काय ओरडता?”

आणि तुम्ही ओरडलात, “थांबाऽऽ!” काय आवाज तो, ताई! चाळीस पोरांना दुसरं काय हवं होतं? सगळी एकदम “थांबाऽऽ!” ओरडली, आवाज आत गेला, आदळत आदळत पार टोकाला पोचला, आणि आतली सगळी यंत्रं खरोखरच बंद पडली. माणसं हेल्मेट सावरत बाहेर धावत आली. वरच्या साहेबांचा फोन आला, काम का थांबलं? तुम्ही त्यांना म्हणालात, “चाचणी घेतली. यंत्रणा उत्तम आहे.” पोरांना वाटतंय, बोगदा त्यांच्या आवाजाने थांबतो. आणि तो थांबला, हे नाकारणार कसं?

त्यानंतर तुमची जीभ टाळ्याला कुठे होती? पंप, पाणी, दगडाचा आवाज, तासभर! मुकादम माझ्या कानात म्हणाला, “बाई आमच्याशी वर्षभरात एवढं बोलल्या नाहीत.”

मी नळावर बाटल्या भरत होते तेव्हा तुम्ही शेजारी येऊन उभ्या राहिलात. मला वाटलं, आता जुनं काढणार. तुम्ही विचारलंत, “पेडलच्या वायरी तू बदलल्यास? प्लग काढला होतास?” मी म्हटलं, काढला होता. तुम्ही म्हणालात, “मग ठीक.” आणि माझ्या डोक्यावरचं वाकडं हेल्मेट नीट बसवून पट्टा लावून दिलात. बकल माझ्या गळ्याच्या कातडीला चिमटा घेत होतं. तरी मी ते तसंच राहू दिलं.

खूण अजून आहे. बस थांबली की पोस्टाचा डबा शोधते.

तुमची


१८ जून

ताई,

एक वाईट बातमी आधी देते. भिंगरीने अभियांत्रिकी सोडली. तिला आता दातांची डॉक्टर व्हायचंय. डॉक्टरांचे पाय जमिनीला लागत नाहीत. काल बाबांची कवळी दिवसभर सापडत नव्हती, तर ही तिचा ठसा घेत होती. बाबा दिवसभर पेज पीत बसले आणि तिला विचारत राहिले, झालं का गं?

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दुसरी बातमी. कंपनीचा तो गुरुवारचा माणूस अखेर आला. कॉम्प्रेसर तपासत होता, मी शेजारी उभी राहून विचारत होते, हे काय, ते कशाला. शेवटी तो वैतागून म्हणाला, “बाई, संध्याकाळचा वर्ग असतो तंत्रशाळेत, दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचा. तिथे जाऊन विचारा, मला काम करू द्या.”

मी गेले. तिथले सर म्हणाले, “मुलाला आणलं नाहीत?” मी म्हटलं, मुलगा नाही. “मग मुलीला?” मी म्हटलं, तिला दातांची डॉक्टर व्हायचंय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “म्हणजे तुम्ही?”

म्हणजे मी. तुमच्या बंधुराजांना सांगितलं तेव्हा त्यांनी सवयीने हात पाठीमागे बांधले, मग सोडले, आणि म्हणाले, “संध्याकाळचा स्वयंपाक मी शिकतो.” पहिल्या दिवशीचा भात खाता आला. दुसऱ्या दिवशीचा कापावा लागला.

काल वर्ग पाहून आले. लांब खोली, तेलाचा वास, उंच स्टुलं. सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, बाई मी एकटीच. एका मुलाने उठून मला जागा दिली, म्हातारीला देतात तशी. घरी येताना वाटेत एकदम आठवलं की तुमच्या वेळी तुम्हीही वर्गात एकट्याच होतात. बाबांना विचारलं, ताई पहिल्या दिवशी घरी आल्या तेव्हा काय म्हणाल्या? त्यांना आठवेना. बंधुराजांनाही आठवेना. कोणी विचारलंच नव्हतं.

मी विचारते. तुम्ही त्या दिवशी कुठे बसल्या होतात? पुढे, मागे, की दाराजवळ? तेवढं लिहा. सोमवारी मी तिथेच बसणार आहे.

तुमची भावजय